‘डोळे सुजलेत, रडलीस का?’

पत्र

ताई, मी ३४ वर्षांची. ऐरोलीत राहते, नोकरीला ठाण्याला जाते. जुलैत ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या पांढऱ्या पेशी १ लाख ४० हजार निघाल्या. लॅबची चूक असेल म्हणून दुसरीकडे रक्त दिलं, तिथेही तेच. मग बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मज्जेची तपासणी झाली. सीएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार, क्रॉनिक फेजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या संथ टप्प्यात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. इमॅटिनिब ४०० ची रोज एक गोळी सुरू झाली. मी कामावर जाते, स्वयंपाक करते, सात वर्षांच्या मुलाचा अभ्यास घेते. बघणाऱ्याला काही कळत नाही. नवरा, सासूबाई आणि पुण्याचे दीर, एवढ्यांनाच माहीत आहे. माझं माहेर कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीत. अण्णा वाशी मार्केटला माथाडी होते, आता घरीच असतात, त्यांची बायपास झाली आहे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख आहे. सासूबाई म्हणतात, लग्न होईपर्यंत ब्र काढू नको, मुलाकडचे म्हणतील घराण्यात कॅन्सर आहे. नवरा म्हणतो, भावकीच्या ग्रुपवर एकदाच टाकू आणि मोकळे होऊ. गणपतीत घरी पाहुणे होते, गोळ्यांची स्ट्रिप तूरडाळीच्या डब्यात लपवली होती, दोन रात्री गोळी घ्यायला जमलंच नाही. लेडीज डब्यातल्या मैत्रिणींशीही आता नीट बोलवत नाही. आई सारखी विचारते, डोळे सुजलेत, रडलीस का? तीनदा सांगायचं ठरवून गाडीत बसले. घणसोली गेली की धीर सुटतो. कोणाला सांगू, कधी सांगू, कसं सांगू?

उत्तर

तुझ्या पत्रात मी अडखळले ती तूरडाळीच्या डब्यापाशी. बाकी सगळं बोलूच, आधी हे. ती गोळी रोज पोटात जाते म्हणून तू आज ठाण्याची गाडी पकडू शकतेस. दोन रात्री चुकल्या म्हणजे लगेच आभाळ कोसळलं असं नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते सांग. मला घोर लागलाय तो पुढचा. लग्नघर म्हटलं की हळद, देवक, मांडव, गावची माणसं. चार-सहा दिवस कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो. तेव्हा स्ट्रिप कोणत्या डब्यात ठेवशील? सीएमएलमध्ये गोळ्या वरचेवर चुकल्या की आजार डोकं वर काढतो, आणि कधी कधी त्या गोळीला दाद देईनासा होतो. ‘लग्न होईपर्यंत गप्प’ हे ऐकायला मोठं समजूतदार वाटतं, पण त्याची झळ थेट तुझ्या औषधाला बसायला लागली आहे.

आता तुझे डोळे. डोळ्यांभोवती सूज येणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास. सकाळी उठल्यावर जास्त दिसते. तुला हे ओपीडीत कळलं असेल, आईला कोणी सांगितलंय? तिला दिसतं ते इतकंच, की लेकीचे डोळे सुजलेले आहेत, विचारलं की लेक विषय बदलते आणि जावई गप्प गप्प असतात. यातून एका आईने काय अर्थ काढला असेल? मला तर खात्री वाटते की कोपरखैरण्याच्या त्या घरात रात्री जेवणं झाल्यावर तुझ्या नवऱ्याबद्दल दबक्या आवाजात बोलणं होत असेल. त्या बिचाऱ्याने तुझ्यासोबत रिपोर्टच्या रांगा लावल्या, आणि सासऱ्यांच्या मनातून उतरतोय तोच. माहेरी काही माहीत नाही असं तू समजतेस. काहीतरी आहे हे त्यांना कधीच कळलंय, फक्त भलतंच काहीतरी कळलंय.

म्हणून सांगू की नको, हा प्रश्न माझ्या लेखी संपला. उरतं ते कोणाला, कधी आणि कसं.

मी हे इतकं ठासून का लिहिते, त्यालाही कारण आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सरच झाला. तिचा प्रकार तुझ्यापेक्षा वेगळा, अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणारा. सोमवारी निदान आणि गुरुवारी केमो, इतकी घाई. आई तेव्हा माझ्याकडे नौपाड्यात राहायची. सत्तरीची, बीपीच्या गोळ्या चालू. आम्ही भावंडांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. ताई कामासाठी बंगलोरला गेली आहे, असं मी तिला सांगितलं. रोज संध्याकाळी फोन लावून द्यायचे. ताई हॉस्पिटलच्या पलंगावरून बोलायची आणि आई विचारायची, तिकडे पाऊस आहे का, जेवण मिळतं का बरं?

ताईच्या छातीत औषधांसाठी लाइन टाकली होती, म्हणून तिला समोरून उघडणारे गाऊन हवे होते. आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या मावशींकडे मी चार सुती गाऊन दिले, पुढून कापून नाड्या लावा म्हटलं. त्यांनी विचारलं, असं का? मी खरं सांगून टाकलं. शिंप्याकडे गेलेली गोष्ट गावात जायला किती वेळ लागतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पाचव्या आठवड्यात आई स्वतःचा ब्लाउज आणायला तिथेच गेली. मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘मोठीचं ऐकून फार वाईट वाटलं हो.’

आई घरी आली. पिशवी टेबलावर ठेवली. मला एवढंच विचारलं, ‘नाड्या कुठल्या बाजूला लावल्यास?’

ताई बरी झाली. आज तिच्या नातीला पोहायला घेऊन जाते. आई आता ब्याऐंशीची आहे आणि ताईच्या आजाराबद्दल ती फारसं बोलत नाही. बोलते ती त्या फोनांबद्दल. ‘मी तिला पाऊस विचारत होते,’ असं म्हणते आणि थांबते. मी कितीदा माफी मागितली असेल, पण ते तिच्या मनातून जात नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या माणसाला ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली तर जन्मभर लागेल, त्याला ती आधी सांगायची, आणि आपण स्वतः सांगायची. तुझ्या बाबतीत अशी माणसं मला चार दिसतात. बहीण, आई, अण्णा आणि तुझा मुलगा. बाकीचे सगळे थांबू शकतात. भावकी तर नक्कीच.

या चौघांत मी बहिणीला पहिली घेईन. तू म्हणशील, तिचंच तर लग्न आहे. म्हणूनच. शिवाय दुसरंही एक कारण आहे. तू माहेरी सांगशील आणि संध्याकाळच्या गाडीने ऐरोलीला परत येशील. रात्री अकरा वाजता आई उठून देवापुढे बसेल, अण्णा गॅलरीत येरझाऱ्या घालतील. त्या वेळी त्या घरात कोणीतरी असं हवं जिला हे आधीपासून माहीत आहे, जिचं पहिलं रडणं होऊन गेलंय. तिला ऑफिस सुटल्यावर ठाण्याला बोलाव. तलावपाळीला एका बाजूला बाकावर बसा. घरात नको, घरात भिंतीला कान असतात आणि लग्नाच्या याद्या असतात. तिला सगळं सांग, अगदी डाळीच्या डब्यासकट.

आता सासूबाईंची भीती. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी आयुष्यभर जो ब्लड कॅन्सर ऐकला तो म्हणजे खेळ खल्लास, आणि मुलीच्या लग्नात कुजबुज किती महाग पडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. तरी त्यांचा मूळ मुद्दा चुकीचा आहे. सीएमएल घराण्यातून येत नाही. आपल्या मज्जेतल्या एका पेशीत ९ आणि २२ या नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात बदलले जातात, त्यातून एक नको ते प्रथिन तयार होतं आणि ते त्या पेशीला ‘वाढत राहा’ असं सांगत बसतं. हे जन्मानंतर केव्हातरी, त्या एका पेशीत घडतं. ते आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र पहिल्यांदा १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला दिसलं, म्हणून रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात तुला ‘फिलाडेल्फिया’ हा शब्द भेटला असेल. आईबापांकडून तो बदल तुला मिळालेला नाही आणि तुझ्याकडून तुझ्या मुलाला तो जात नाही. बहिणीच्या रक्ताशी त्याचं काही देणंघेणं नाही. एका ताटात जेवून किंवा एका घरात राहून हा आजार लागत नाही, हेही सोबत सांगून टाक, कारण कोणी तोंडाने विचारत नसलं तरी मनात ते असतंच.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं ते बहिणीने. तू नाही, सासूबाई नाहीत, आणि लग्न जुळवणारे मध्यस्थ तर मुळीच नाहीत. ती कधी सांगेल, कसं सांगेल, हे तिच्यावर सोड. मुलाला शंका असतील तर तुझ्या पुढच्या ओपीडीला येऊ दे त्याला, डॉक्टरांनाच विचारू दे. मुलाकडचे कुरकुरणारच नाहीत, अशी हमी मला देता येत नाही. पण आज लपवलं आणि लग्नानंतर तुझी फाइल कोणाच्या तरी हाती लागली, तर ‘आम्हाला अंधारात ठेवलं’ हे तिला सासरी उठता बसता ऐकावं लागेल, आणि तुला ते दुरून बघावं लागेल. कुरकुर त्यापेक्षा परवडली.

सासूबाईंना मात्र तू ठरवल्यावर सांग, परवानगी मागायला जाऊ नकोस. ‘आई, तुम्ही माझ्या बहिणीच्या काळजीनेच म्हणताय. पण लपवून गोळी घेणं मला झेपत नाहीये.’ एवढं पुरे. वाद घालत बसू नको. आणि त्यांनाही तीन महिने हे पोटात ठेवावं लागलंय, त्यांनाही कोणाशी तरी बोलायचं असेल. त्यांची एखादी बहीण, जाऊ असेल तर तिला सांगायची मोकळीक त्यांना दे.

अण्णांना सांगायचं ते सकाळी. चहा झाला, बायपासच्या गोळ्या घेऊन झाल्या की. रात्री अजिबात नको. बहिणीने शेजारी बसावं, आणि तुझ्या नवऱ्यालाही बरोबर ने. त्याने बोलायची गरज नाही, त्याचं तिथे असणंच खूप बोलेल.

शब्द तुझेच असू देत, पण एक आग्रह धरते. ‘रक्तात जरा गडबड आहे’, ‘इन्फेक्शन आहे’ असलं काही नको. ब्लड कॅन्सर हा शब्द तुझ्या तोंडून एकदा येऊ दे. तो नाही आला तर ते फाइलवर वाचतील, नाहीतर दवाखान्याच्या दारावरची पाटी वाचतील, आणि मग तुझ्या पुढच्या कुठल्याच चांगल्या बातमीवर त्यांचा विश्वास बसणार नाही. मी असं काहीतरी म्हणाले असते:

‘अण्णा, जुलैत माझं रक्त तपासलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. हळू वाढणारा प्रकार आहे आणि त्याच्यावर गोळी आहे. गोळी चालू केली, पेशी इतक्या होत्या त्या इतक्यावर आल्या. डोळे सुजतात ते गोळीने. रडून नाही. ह्यांनी मला एक दिवस एकटं सोडलेलं नाही.’

आकडे कागदावर लिहून ने. मार्केटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा लवकर कळतो.

ते विचारतील, नेमकं झालंय काय? गुणसूत्रं, प्रथिनं त्यांच्यापुढे काढू नकोस. मार्केटचं उदाहरण दे. मागणी नसताना गाड्यांवर गाड्या येत राहिल्या, गाळ्यात थप्प्या लागल्या, चालायला वाट उरली नाही, चांगला माल आत यायला जागा नाही. हाडांतल्या मज्जेत पांढऱ्या पेशींचं तसं झालं. ही गोळी गोण्या उचलत बसत नाही, जो गाड्या सोडतोय त्यालाच थांबवते. माझी खात्री आहे, अण्णा हे तुझ्या सासरच्या कोणाहीपेक्षा चांगलं समजून घेतील.

मग विचारतील, किती दिवस? इथे खोटं बोलू नकोस. वर्षानुवर्षं, असं सांग. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी तपासणी, त्यावर पुढचं ठरतं. त्यांच्या मनात जो ब्लड कॅन्सर बसलाय तो ही गोळी यायच्या आधीचा आहे. इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली मे २००१ मध्ये. आपल्याकडे तिच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ ला न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली, म्हणून भारतात बनलेली स्वस्त गोळी आज सामान्य माणसाच्या हातात येते. क्रॉनिक फेजमध्येच आजार सापडला आणि गोळी नेमाने घेतली, तर बहुतेकांचं आयुष्य आता चारचौघांच्या जवळपास जातं. हे मोकळेपणाने सांग. पण ‘काही नाही हो, बीपीसारखंच’ असंही म्हणू नको. उद्या एखादा रिपोर्ट वर-खाली झाला, गोळी बदलावी लागली, तर त्यांना वाटेल हिने तेव्हाही फसवलं होतं.

अण्णा कदाचित काहीच बोलणार नाहीत. उठून खाली जातील, कट्ट्यावर बसतील. जाऊ दे. मागे जाऊ नकोस. तासाभराने येतील आणि बहुधा पैशांचं विचारतील, कारण त्या पिढीच्या बापांना माया पैशांतूनच बोलता येते. उत्तर तयार ठेव. गोळीचा खर्च किती, तपासण्यांचा किती, ऑफिसचा विमा काय देतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या समाजसेवकांना आधीच विचारून घे.

आई वेगळी. ती म्हणेल, माझंच काहीतरी चुकलं. लहानपणी तुला दूध कमी पडलं, गरोदरपणात मी उपास केले, कुलदैवताचं राहिलं. तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल की बहुतेकांच्या बाबतीत सीएमएलचं कारण सापडतच नाही, आणि आईच्या हातून काही झालं म्हणून तर तो होतच नाही. ती नवस बोलेल, बोलू दे. अंगारा लावेल, लावून घे. पोटात जाणाऱ्या वस्तूला मात्र नाही म्हण. कोणी काढा देईल, कोणी गावाकडून पुडी आणेल, कोणी कसला तरी रस. ही गोळी यकृतातून जाते, आणि काही जडीबुटी तिचा असर कमी-जास्त करू शकतात. ‘डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेणार नाही’ हे एकच वाक्य धरून बस, आईसाठीही आणि सगळ्या आत्या-मावश्यांसाठीही.

मुलाचं तू पत्रात जवळजवळ काहीच लिहिलं नाहीस, आणि मला तोच सतत डोळ्यांपुढे येतोय. सात वर्षांच्या मुलाला घरातली कुजबुज कळते, फक्त अर्थ लागत नाही. मग तो स्वतःचा अर्थ लावतो, आणि बहुतेक वेळा त्यात दोष स्वतःकडे घेतो. मी दंगा केला म्हणून आई आजारी पडली, असं. त्याला नाव सांग. ‘आईच्या रक्ताला आजार झालाय, त्याला ल्युकेमिया म्हणतात. तो सर्दीसारखा कोणाला लागत नाही. तू काही केलंस म्हणून झालेला नाही. मी रोज जेवल्यावर एक गोळी घेते.’ ही गोळी जेवणासोबत मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. त्याला हवं असेल तर तो पेला भरून आणू दे. पण गोळीची आठवण ठेवायचं काम त्याच्यावर टाकू नको. एखाद्या दिवशी चुकली तर ते ओझं त्याच्या डोक्यावर नको. ‘तू मरणार का?’ असं तो विचारेल. दचकू नकोस. ‘मला बरं ठेवायला डॉक्टर आहेत आणि गोळी आहे. काही बदललं तर मी तुला सांगेन.’ आणि खरंच सांग.

हे चौघं झाले की आठवडाभर थांब. कोणालाही सांगू नको. सांगण्याने माणूस दमतो. समोरचा रडतो, आपण त्याचे डोळे पुसतो आणि घरी येऊन गळून जातो. या आठवड्यात फार जड वाटलं तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

त्यानंतर नवऱ्याच्या म्हणण्याकडे वळू. त्याला मोकळं व्हायचंय, ते मला समजतं. पण ग्रुपवर टाकलं की मोकळं होत नाही. दीडशे माणसांचे हात जोडलेले इमोजी येतात, मग फोन सुरू होतात, आणि तेच ते अठरा वेळा सांगावं लागतं. ग्रुपला सांगायचं तर तिथे बोलणारा माणूस एकच असावा, आणि तो तू नसावीस. पुण्याच्या दीरांना विचार. मजकूर छोटा ठेवा: ‘वहिनींना सीएमएल या प्रकारचा ब्लड कॅन्सर निघाला आहे. गोळीचे उपचार चालू आहेत, तब्येत ठीक आहे, त्या कामावर जातात. हा आजार आनुवंशिक किंवा संसर्गजन्य नाही. काही विचारायचं असल्यास मला फोन करा. औषधं कृपया सुचवू नयेत.’ शेवटचं वाक्य कोणी उद्धट म्हटलं तरी काढू नका.

‘दुसरं मूल कधी’ असं विचारणाऱ्या बायकाही त्यात असतील. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण ही गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत आणि मुलाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, हे तुला आणि नवऱ्याला पक्कं माहीत असू दे.

लेडीज डब्यातल्या मैत्रिणींपैकी एकीला निवड. सगळ्यांत गप्पिष्ट असेल तिला नाही, जी ऐकून घेते तिला. मैत्रिणी अशा वेळी लांब जातात ते बहुतेक वेळा काय बोलावं ते सुचत नाही म्हणून. मीही एका मैत्रिणीला महिनाभर फोन केला नव्हता, आणि ती वाट बघत होती. म्हणून बातमीसोबत तिला काहीतरी काम दे. ‘ओपीडीच्या दिवशी माझ्या मुलाला शाळेतून घेशील?’ किंवा ‘गाडीत मी गप्प असले तर मला गप्पच राहू दे, फक्त शेजारी बस.’ माणसाला करायला काही मिळालं की तो टिकतो. एखादी तरीही गळेल. तिच्यामागे धावू नकोस.

ऑफिसमध्ये साहेबांना आणि एचआरला तपासण्यांच्या सुट्ट्यांपुरतं सांगितलं तरी चालेल, सगळ्या टेबलांना कळायची गरज नाही. नवा विमा काढताना मात्र आजार लपवू नको, पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ही पत्रं येत राहतात. तुझ्याकडे क्रम लावायला वेळ आहे, अक्यूट ल्युकेमियात तो नसतो. तिथे पहिल्या दोन-तीन दिवसांतच माणसं लागतात, कारण प्लेटलेट्स फार तर पाच दिवस टिकतात आणि दाते सतत नवे लागतात. ताईच्या वेळी आम्ही आईला अंधारात ठेवलं आणि त्याच आठवड्यात दात्यांसाठी अर्ध्या ठाण्याला फोन करत होतो, यात काही ताळमेळ होता का? आणखी एक. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागण्याची शक्यता असेल, तर सख्ख्या भावाबहिणींनी उत्साहाने रक्त द्यायला धावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नात्यातलं रक्त आधी दिलं गेलं तर पेशंटच्या शरीराने ट्रान्सप्लांट नाकारण्याचा धोका वाढू शकतो. आणि अशा पेशंटला भेटायला जाणं टाळणं हीच मदत असते, हे नातेवाइकांना पहिल्याच फोनवर सांगून टाकावं. तुझ्या घरी मात्र माणसं येऊ देत. चहा त्यांनाच करायला लाव.

तर या आठवड्यात बहिणीला फोन. रविवारी सकाळी नवऱ्याला घेऊन कोपरखैरणं. गाडीत एकटी नसशील, म्हणजे घणसोलीला धीर सुटला तरी कोणीतरी हात धरेल.

आणि गोळ्यांची स्ट्रिप पर्समध्ये टाकून ने. सगळं ऐकून झाल्यावर अण्णांना ती हातात घेऊन बघायची असेल. मागची तारीख वाचतील, किंमत वाचतील, उलटीपालटी करतील. बघू दे त्यांना हवा तेवढा वेळ.